रोज ९०० की महिना १८ हजार? रोजंदारी आणि कायम नोकरीत नेमका फरक काय?

सकाळचे आठ. घोडबंदर रोडवर माजिवड्याच्या दिशेने गाड्यांची रांग लागलेली असते. मेट्रोच्या खांबांच्या कडेला, नाक्यावरच्या बंद दुकानांसमोर काही माणसं उभी असतात. कोणाच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, कोणाकडे रंगाचा ब्रश, कोणाकडे फक्त जेवणाचा डबा. एखादा मुकादम येतो, "दोन बिगारी पाहिजेत" म्हणतो, रोज ठरतो आणि दोघं त्याच्यासोबत निघतात. दहा-साडेदहापर्यंत ज्यांना कोणी नेलं नाही, ते घरी परततात. त्या दिवसाची कमाई शून्य.

याच रोडवर, मीरा रोडपर्यंतच्या पट्ट्यात, टीव्ही मालिकांचे सेट आहेत. तिथे स्पॉटदादापासून छोट्या भूमिका करणाऱ्या कलाकारापर्यंत अनेकांचा हिशेब 'पर डे' असतो. आणि याच रोडवरून ठाणे-बोरिवली धावणाऱ्या एसटीच्या महामंडळातही 'रोजंदार कर्मचारी' हा वेगळा वर्ग आहे.

तिघांचेही पैसे दिवसावर मोजले जातात, पण तिघांचे हक्क सारखे नाहीत. तुम्हालाही एखाद्या कंपनीने "आमच्याकडे पर डे बेसिसवर या" असं सांगितलं असेल, तर हा फरक आधी समजून घ्या.

'पर डिएम' म्हणजे काय?

हा मूळ लॅटिन शब्द. अर्थ साधा, 'दिवसाला'. तो दोन ठिकाणी वापरला जातो आणि गोंधळ तिथेच होतो.

पहिला अर्थ भत्त्याचा. कंपनीने तुम्हाला चार दिवसांसाठी नागपूरला पाठवलं आणि जेवणाखाणाचे दिवसाला ठरावीक पैसे दिले, तर तो दैनिक भत्ता. तुमची नोकरी आणि पगार वेगळा चालूच असतो.

दुसरा अर्थ कामाचा. जेवढे दिवस बोलावलं, तेवढ्याच दिवसांचे पैसे. अमेरिकेत हॉस्पिटलं गरजेनुसार अशा 'पर डिएम' नर्स बोलावतात. आपल्याकडे यालाच रोजंदारी म्हणतात. या लेखात आपण या दुसऱ्या अर्थाबद्दल बोलतोय.

मग खरा फरक कुठे आहे?

पैसे दिवसावर मोजतात की महिन्यावर, एवढाच फरक असता तर प्रश्न सोपा होता. खरा प्रश्न असा आहे की ज्या दिवशी काम नाही, त्या दिवसाचा तोटा कोणाचा?

कायम नोकरीत तो मालकाचा. पावसामुळे काम बंद राहिलं, माल आला नाही, मशीन बिघडलं, तरी तुमचा पगार सुरू राहतो. रोजंदारीत हाच तोटा तुमच्या खिशातून जातो. जुलैत पाऊस लागून बाहेरचं रंगकाम थांबलं, की बिल्डिंगचं काम फक्त पुढे ढकललं जातं. रंगाऱ्याचा मात्र खाडा होतो.

पगार महिन्याला मिळतो म्हणजे नोकरी पक्की, असंही नाही. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या ताईंना महिन्याचे पैसे मिळतात. पण दोन दिवस आजारपणात गेले आणि आपण त्या खाड्यांचे पैसे कापले, तर तो व्यवहार नावाला महिन्याचा आणि प्रत्यक्षात रोजंदारीचाच झाला.

दुसरा फरक काम जाताना दिसतो. २०२१ चा एसटी संप आठवतोय? त्या नोव्हेंबरमध्ये महामंडळाने संपावरच्या कायम कर्मचाऱ्यांना निलंबित करायला सुरुवात केली. रोजंदार कर्मचाऱ्यांना मात्र २४ तासांत कामावर या, नाहीतर सेवा समाप्त, अशा नोटिसा गेल्या. संप एकच आणि मागणीही एकच होती. कायम कर्मचाऱ्याला काढायचं तर आरोपपत्र आणि चौकशी असे टप्पे पार करावे लागतात. रोजंदाराच्या बाबतीत एका नोटिशीवर विषय संपवायचा प्रयत्न होतो. पुढे एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी कामावर परतले, पण नोकरीचा प्रकार किती फरक पाडतो ते तोवर सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं होतं.

हिशेब करून बघू

समजा तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत. एक, दिवसाला ९०० रुपये. दोन, महिन्याला १८,००० रुपये पगाराची नोकरी. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत.)

आपण पटकन ९०० गुणिले ३० करतो. २७,००० आले, म्हणजे रोजंदारी भारी. चूक इथेच होते. रविवार सोडले तरी दिवस उरतात २६, म्हणजे २३,४००. आणि महिन्यात २० दिवसच काम मिळालं तर हातात येतात बरोबर १८,०००.

आता दुसरी बाजू. १८,००० च्या नोकरीत मालक पगाराशिवाय आणखी काही भरतो. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरला जातो असं धरलं तर १२ टक्क्यांनी मालकाचे १,८००. ईएसआयसीसाठी मालकाचे ३.२५ टक्के म्हणजे ५८५. ग्रॅच्युइटी वर्षाला १५ दिवसांच्या पगाराइतकी, २६ दिवसांचा महिना धरून. तिचा महिन्याचा हिस्सा साधारण ८६५. बेरीज करा. ही नोकरी प्रत्यक्षात महिना २१,२५० रुपयांची झाली. भरपगारी रजा आणि बोनस यात धरलेलाच नाही.

हो, तुमच्याही पगारातून पीएफचे १,८०० आणि ईएसआयसीचे १३५ कापले जातात. त्यामुळे हातात कमी दिसतं. पण पीएफ तुमच्याच खात्यात जातो आणि ईएसआयसीमुळे घरच्यांच्या उपचारांची सोय होते. वागळे इस्टेटचं कामगार हॉस्पिटल ठाणेकरांना माहीत असतं, ते याच योजनेचं. ग्रॅच्युइटी मात्र साधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतरच हातात येते, हे लक्षात ठेवा.

थोडक्यात, महिन्यात २० दिवस काम मिळणाऱ्या माणसाला या नोकरीची बरोबरी करायला रोज ९०० नाही, तर १,०६० च्या आसपास मिळायला हवा. 'पर डे' ऑफर आली की ३० ने गुणू नका. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती दिवस काम मिळालं, त्या आकड्याने गुणा.

रोजंदारी म्हणजे हक्क शून्य? अजिबात नाही

"तू रोजंदारीवर आहेस, तुला काही लागू होत नाही." हे वाक्य नाक्यावर, गोडाऊनमध्ये, दुकानात सर्रास ऐकायला मिळतं. ते चुकीचं आहे. कायदा दिवस मोजतो आणि दिवस वाढत जातात तसे हक्कही वाढतात. म्हणून पाच आकडे लक्षात ठेवा.

पहिला दिवस. किमान वेतन पहिल्या दिवसापासून लागू. जादा वेळ काम केलं तर त्या तासांचे दुप्पट पैसे. रोजावर ठरलेल्या कामाचे पैसे त्याच दिवशी पाळी संपताना द्यायचे, असं वेतन संहिता सांगते. आठवड्यावर ठरले असतील तर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी आणि महिन्यावर असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. ठेकेदाराने पैसे बुडवले तर जबाबदारी मूळ आस्थापनेवर येते. २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत, वेतन पीएफच्या १५,००० रुपयांच्या मर्यादेत असेल, तर पीएफही पहिल्या दिवसापासून. तिथे 'टेम्पररी' किंवा 'ठेकेदाराचा माणूस' ही सबब चालत नाही.

अनेकांना माहीत नसलेली आणखी एक गोष्ट. लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी मतदाराला भरपगारी सुट्टी द्यावी लागते आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यात रोजंदारीवरच्या माणसाचा त्यासाठी वेगळा उल्लेख आहे.

३० दिवस. बोनसच्या कायद्यात बसणाऱ्या आस्थापनेत, म्हणजे साधारणपणे २० किंवा जास्त कामगार असतील तिथे, वर्षात किमान ३० दिवस काम केलेला कामगार बोनसला पात्र ठरतो. सध्याची वेतनमर्यादा महिना २१,००० रुपये आहे. किमान बोनस ८.३३ टक्के.

८० दिवस. प्रसूतीआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या बाईला प्रसूती रजेचे पैसे मिळतात. पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची आहे. रोजंदारीवरच्या बाईला हे मिळतं का? दिल्ली महापालिकेच्या मस्टरवर रोजंदारीने काम करणाऱ्या महिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी स्पष्ट सांगितलं की मिळतं.

९० दिवस. हा आकडा बांधकाम कामगारांसाठी. १८ ते ६० वयाच्या ज्या कामगाराने मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलंय, त्याला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मुलांची शिष्यवृत्ती, उपचार, अपघाती मृत्यूनंतर कुटुंबाला मदत अशा योजना या मंडळाकडे आहेत. पैसा कुठून येतो? बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकरातून. म्हणजे घोडबंदर रोडवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या खर्चातला एक हिस्सा तो बांधणाऱ्या माणसासाठीच बाजूला काढायचा असतो. अडचण अशी की नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो. ९० दिवसांचा दाखला देणार कोण? काम केलेलं असूनही अनेकजण इथेच अडकतात.

२४० दिवस. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याच्या भाषेत ती 'सलग सेवा' होते. त्यानंतर औद्योगिक आस्थापनेतल्या कामगाराला "उद्यापासून येऊ नको" इतक्यावर काढता येत नाही. एक महिन्याची नोटीस किंवा तिचे पैसे, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन भरपाई द्यावी लागते. ग्रॅच्युइटीचं वर्ष मोजतानाही साधारणपणे हाच आकडा धरतात. काही ठिकाणी २३० दिवस झाले की 'ब्रेक' का देतात, ते आता लक्षात आलं असेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने अनेक कायदे त्यांत एकत्र आले. रोजंदारीवरच्या माणसासाठी त्यातली एक तरतूद फार कामाची आहे. कामगाराला नियुक्तिपत्र देणं आता मालकावर बंधनकारक आहे.

अपघात झाला तर?

१० सप्टेंबर २०२३, रविवार. घोडबंदर रोडवर बाळकुममध्ये नव्याने बांधलेल्या ४० मजली इमारतीच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचं काम संपवून कामगार लिफ्टने खाली येत होते. ती लिफ्ट कोसळली. सात कामगारांचा मृत्यू झाला.

अशा वेळी कायदा "किती दिवस कामावर होता" असं विचारत नाही. काम करताना मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं तर भरपाईचा हक्क पहिल्या दिवसाच्या रोजंदारालाही आहे. वय आणि वेतन धरून रक्कम ठरते. पण तो माणूस त्या दिवशी त्या साइटवर, त्या ठेकेदाराकडे कामाला होता, हे दाखवावं लागतं. कुठेच नाव नसेल तर कुटुंबाची लढाई तिथूनच सुरू होते.

रोजंदारीवरून कायम होता येतं का?

खासगी कंपनी असेल तर २४० दिवसांची सेवा आणि तिथले स्थायी आदेश महत्त्वाचे. तिथे कामगाराची बाजू बरीच भक्कम असू शकते.

सरकारी कार्यालय किंवा महापालिका असेल तर गोष्ट अवघड. १० एप्रिल २००६ रोजी उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की फक्त बरीच वर्षं काम केलं म्हणून रोजंदार कर्मचाऱ्याला कायम होण्याचा हक्क मिळत नाही. सरकारी नोकरी सगळ्यांसाठी खुल्या भरतीतूनच मिळायला हवी, हा त्यामागचा विचार.

पण चित्र तिथेच थांबलं नाही. २६ ऑक्टोबर २०१६ च्या जगजित सिंग निकालात न्यायालयाने म्हटलं की तेच काम, तीच जबाबदारी असेल तर सरकारी सेवेतल्या हंगामी आणि रोजंदार माणसालाही समान वेतन मिळायला हवं. २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो प्रकरणात केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षं सफाई आणि बागकाम केलेल्या कामगारांना न्यायालयाने पुन्हा कामावर घेऊन कायम करायला सांगितलं. उमादेवी निकालाचा आधार घेऊन कायमस्वरूपी गरजेच्या कामावर माणसं वर्षानुवर्षं हंगामी ठेवता येणार नाहीत, असा त्याचा अर्थ.

'पर डे' फ्रीलान्सर यात बसतो का?

हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांचा आहे. कॅमेरा असिस्टंट, एडिटर, अँकर, इव्हेंटवाले. इथे आधी एक तपासा. तुमच्या पैशांतून पीएफ कापला जातो की 'प्रोफेशनल फी' म्हणून १० टक्के टीडीएस? टीडीएस असेल तर कागदावर तुम्ही कामगार नाही, व्यावसायिक आहात. मग किमान वेतन, ओव्हरटाइम, बोनस हे समोरचा लागू धरत नाही. सगळं करारावर येतं. मालिकांच्या दुनियेत काम आज आणि पैसे ९० दिवसांनी ही पद्धत रूढ आहे, ती याच कारणाने. नाक्यावरचा गवंडी संध्याकाळी पैसे घेऊन घरी जातो आणि सेटवरचा कलाकार तीन महिने थांबतो. दोघेही रोजावरच.

हजेरी तुमची, नोंदही तुमची ठेवा

कोर्स संपल्यावर मीही एका ठिकाणी पर डे काम केलं होतं. माझ्या हिशेबाने ११ दिवस. पैसे मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, ९ दिवस. माझ्याकडे कॉल टाइमचे मेसेज फक्त सहा दिवसांचे होते, बाकी सगळं फोनवर ठरलेलं. शेवटी नऊचेच पैसे घेतले. पत्रकारितेची पदवी घेतलेल्या माणसाची ही अवस्था, तर ज्याचा मुकादम रोज बदलतो त्याचं काय होत असेल?

वरचे सगळे हक्क दिवसांवर मोजले जातात. आणि २४० दिवस भरले हे सिद्ध करायची जबाबदारी कामगाराची, असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. मस्टर मालकाकडे असतं, पुरावा तुमच्याकडे हवा. म्हणून एवढं करा:

- रोज एक ओळ लिहा. तारीख, साइट, मुकादमाचं नाव, किती तास, किती पैसे. वही चालेल, मोबाइल चालेल.
- साइटवर पोहोचल्यावर एक फोटो काढा. तारीख आणि लोकेशन सुरू ठेवा.
- पैसे शक्यतो यूपीआयने किंवा खात्यात घ्या. रोख घेतले तर "आजचे ९०० मिळाले" असा मेसेज मुकादमाला पाठवा.
- उचल घेतली तर तीही लिहा. बहुतेक भांडणं उचलीवरूनच होतात.
- बांधकामावर असाल तर ज्या ठेकेदाराकडे सलग काम केलं, त्याच्याकडून दिवसांचा दाखला तेव्हाच घ्या. वर्षाने तो सापडेलच असं नाही.
- ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा. १६ ते ५९ वयाच्या, पीएफ आणि ईएसआयसी नसलेल्या, आयकर न भरणाऱ्या असंघटित कामगारासाठी ती आहे.

पैसे बुडाले तर कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडे दाद मागता येते. ठाण्यात कामगार उपआयुक्तांचं कार्यालय आहे. वेतन संहितेनुसार दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे "आता उशीर झाला" असं समजून सोडून देऊ नका.

मग रोजंदारी वाईट का?

तसंही नाही. शिक्षण चालू आहे, घरची जबाबदारी आहे, किंवा हातात असं कसब आहे की रोज चार फोन येतात, अशांना रोजावरचं काम सोयीचं पडतं. चांगला फरशीवाला किंवा प्लंबर महिन्याच्या नोकरीत कमी कमवेल. पण आजारपण, पाऊस, म्हातारपण आणि अपघात यांचा खर्च तुम्ही स्वतःच्या अंगावर घेताय, हे मान्य करूनच तो रोज ठरवायला हवा.

आणि तुम्ही काम देणारे असाल, म्हणजे घराला रंग काढायचाय, बाथरूमची फरशी बदलायचीय, तर यातलं थोडं तुमच्याही हातात आहे. संध्याकाळी पैसे वेळेवर द्या, शक्य असेल तर ऑनलाइन द्या. आणि काम आठ-दहा दिवस चाललं असेल तर "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत माझ्याकडे काम केलं" एवढा एक मेसेज त्या माणसाला पाठवा. तुम्हाला दोन मिनिटं लागतील, त्याच्याकडे तेवढ्या दिवसांचा पुरावा राहील.